फसलेल्या फोटोंचा तास : जुन्या रोलच्या कॅमेऱ्यातून प्रकाशाचा धडा



तिरोडा तालुक्यातलं चोरखमारा हे नागझिऱ्याच्या जंगलाला लागून असलेलं गाव. अशा गावांत घरकुल मंजूर झालं आणि जुनं मातीचं घर पाडायचं ठरलं, की माळ्यावरची पेटी खाली येते. पेटीत जमिनीचे कागद, एखादी लग्नपत्रिका, चिकट पानांचा अल्बम आणि कधी कधी एक काळा प्लास्टिकचा कॅमेरा निघतो. कागद जपून ठेवले जातात. कॅमेरा पोरांच्या हातात खेळायला जातो. अल्बममधले चांगले फोटो ठेवून हललेले, काळे पडलेले, मुंडकं कापलेले फोटो कचऱ्यात जातात.

आजचं सांगणं त्याच कचऱ्याबद्दल आहे. ते फसलेले फोटो फेकू नका, शाळेत आणा. प्रकाश, भिंग, अंतर आणि वेळ या चार गोष्टी शिकवायला इतकं सोपं आणि फुकटचं साहित्य दुसरं मिळणं कठीण. मोबाइलचा फोटो सहसा फसत नाही, कारण आतला संगणक चूक आपल्याला दिसायच्या आधीच दुरुस्त करतो. जुना कॅमेरा काहीच दुरुस्त करत नव्हता. म्हणून प्रत्येक चुकीमागचं कारण मुलांना शोधता येतं.

हा कॅमेरा कुठला?

याला इंग्रजीत पॉइंट अँड शूट म्हणतात. नेम धरा आणि खटका दाबा, बस्स. फोटोग्राफी न शिकलेल्या माणसासाठी हा बनवला होता. कल्पना बरीच जुनी आहे. अमेरिकेत जॉर्ज ईस्टमन यांनी १८८८ साली पहिला कोडॅक कॅमेरा विकायला काढला. त्यात १०० फोटोंचं रीळ आधीच भरलेलं असे. रीळ संपलं की अख्खा कॅमेराच कंपनीकडे पाठवायचा, फोटो धुऊन आणि नवं रीळ भरून तो परत यायचा. १९०० साली एक डॉलरचा ब्राउनी आला आणि कॅमेरा मुलांच्याही हातात गेला.

आपल्याकडे बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवलेला आग्फा क्लिक थ्री अनेक घरांतला पहिला कॅमेरा होता. त्याच्या रुंद रोलवर १२ चौकोनी फोटो निघत. १९८० च्या दशकात हॉट शॉट आला. पुढे १९९० च्या दशकात ३५ मिलिमीटर रोलचे कोडॅक केबी १० आणि याशिका एमएफ २ सारखे फ्लॅशवाले कॅमेरे लग्नात, सहलीत, शाळेच्या स्नेहसंमेलनात दिसू लागले. एका रोलमध्ये ३६ फोटो. रोल संपेपर्यंत धीर धरायचा आणि मग तालुक्याच्या गावाला धुवायला द्यायचा.

काहीच फिरवायचं नाही, तरी फोटो कसा येतो?

मुलांना हा प्रश्न आधी विचारा. मोठ्या कॅमेऱ्यावर अंतर, छिद्र आणि वेळ अशा तीन गोष्टी जुळवाव्या लागतात. या साध्या कॅमेऱ्यात तर फिरवायला काहीच नाही. मग काम भागतं कसं?

पहिलं उत्तर छिद्रात आहे. साधारण ३५ मिलिमीटर नाभीय अंतराचं भिंग आणि एफ ८ चं छिद्र धरू. एफ ८ म्हणजे नाभीय अंतराचा आठवा भाग. ३५ भागिले ८, म्हणजे जवळजवळ ४.४ मिलिमीटर. मुगाच्या दाण्याएवढं भोक! भोक जितकं लहान, तितकी जवळची आणि दूरची वस्तू एकाच वेळी स्पष्ट दिसते. असं भिंग कारखान्यातच सुमारे ५ मीटर अंतरावर पक्कं बसवलं, तर अडीच मीटरपासून थेट डोंगरापर्यंत सगळं स्पष्ट येतं. फोटोचा कागद पोस्टकार्डाएवढाच असल्यामुळे दीड-दोन मीटरवरचा माणूसही चालून जायचा.

दुसरं उत्तर खटक्यात आहे. खटका दाबला की एक पातळ पडदा सेकंदाच्या सुमारे शंभराव्या भागापुरता उघडतो आणि मिटतो. ऊन असो की ढग, वेळ तीच.

तिसरं उत्तर रोलमध्ये आहे आणि ते सगळ्यात महत्त्वाचं. १०० संवेदनक्षमतेच्या रोलला कडक उन्हात एफ १६ चं छिद्र आणि सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो. आपल्या कॅमेऱ्याचं छिद्र एफ ८ चं आहे. त्याचा व्यास दुप्पट, म्हणून क्षेत्रफळ चौपट. म्हणजे उन्हात गरजेच्या चौपट प्रकाश आत जातो! पण उजळ ढगाळ दिवशी हाच प्रकाश बरोबर बसतो. रंगीत निगेटिव्हला जास्तीचा प्रकाश बराचसा सोसतो, कमी प्रकाश मात्र सोसत नाही. कॅमेरा बनवणाऱ्यांनी हे ओळखून हिशेब जास्तीच्या बाजूला झुकता ठेवला. उन्हातला जादा प्रकाश रोल पोटात घालायचा आणि उरलेलं स्टुडिओवाला छापताना सांभाळून घ्यायचा.

गणिताच्या तासालाही हे घ्या. व्यास दुप्पट केला की क्षेत्रफळ चौपट का होतं, हे मुलं सूत्र पाठ करून विसरतात. कॅमेऱ्याच्या भोकावरून समजलं की विसरत नाहीत.

आता चुका वाचू या

*फेट्याचा तुरा कापला गेलेला नवरदेव.* बघायची खिडकी भिंगाच्या वर असते. फोटो काढणाऱ्याचा डोळा एका भोकातून बघतो आणि फोटो दुसऱ्या भोकातून निघतो. दोन्हींत ४ सेंटिमीटरचं अंतर असेल, तर भिंगाला दिसणारं दृश्य कायम ४ सेंटिमीटर खाली सरकलेलं असतं. दहा मीटरवर फोटोत जवळजवळ सात मीटर उंचीचं दृश्य मावतं, तिथे ४ सेंटिमीटर कोण मोजतो? पण एक मीटरवर जेमतेम ७० सेंटिमीटर मावतात. तिथे तुरा जातोच. फोटोच्या कोपऱ्यात आलेल्या अंगठ्याचं कारणही हेच. भिंगासमोर बोट आलं तरी खिडकीतून ते दिसत नाही.

*मंडईतल्या नाटकाचा काळा फोटो.* आपल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडईचे दिवस आले की रात्रभर नाटकं रंगतात. मागच्या रांगेतून कुणीतरी फ्लॅश मारतो. फोटोत काय येतं? पुढच्या दोन-तीन रांगांतली पांढरीफटक डोकी, आणि रंगमंच काळाकुट्ट. असा फोटो सापडला तर सोनं समजा. प्रकाश लांब जाताना पसरतो. अंतर दुप्पट झालं की तोच प्रकाश चौपट जागेवर वाटला जातो, तिप्पट झालं की नऊपट जागेवर. छोटा फ्लॅश तीन मीटरपर्यंत नीट पुरतो असं धरू. रंगमंच २० मीटरवर असेल, तर तिथे पोचणारा प्रकाश तीन मीटरवरच्या प्रकाशाच्या सुमारे ४४ पट कमी. वर्गात बॅटरी आणि भिंत घेऊन हे लगेच दाखवता येतं.

*घरातला अंधारा फोटो.* फ्लॅश न मारता ओसरीवर आजीचा फोटो काढला आणि तो काळपट आला. “उजेड तर होता ना!” असं घरचे म्हणतात. होता, पण डोळ्यांना. आपली बाहुली मोठी होते, मेंदू जुळवून घेतो, त्यामुळे खोलीतला उजेड पुरेसा वाटतो. प्रत्यक्षात खोलीतला प्रकाश ढगाळ दिवसाच्या बाहेरच्या प्रकाशापेक्षा शंभरपटही कमी असू शकतो. कॅमेऱ्याचं भोक आणि वेळ मात्र तेवढेच.

*लाल डोळे.* चोरखमाऱ्याच्या पोरांना हे एका मिनिटात समजतं. रात्री बॅटरीच्या झोतात गाई-म्हशींचे, चितळांचे डोळे चकाकतात, हे त्यांनी बघितलेलं असतं. त्या जनावरांच्या डोळ्यांच्या पडद्यामागे आरशासारखा एक थर असतो. माणसाला तो थर नाही. फ्लॅशचा उजेड उघड्या बाहुलीतून आत जातो, मागच्या रक्तवाहिन्यांच्या जाळ्यावरून परततो आणि लाल दिसतो. फ्लॅश भिंगाच्या अगदी शेजारी असल्यामुळे परतणारा उजेड थेट भिंगात शिरतो.

*हललेली सायकल.* सायकल ताशी १५ किलोमीटरने चालली आहे. म्हणजे सेकंदाला साधारण ४ मीटर. सेकंदाच्या शंभराव्या भागात ती ४ सेंटिमीटर पुढे गेली. तेवढा पट्टा फोटोत पुसट. हललेला फोटो म्हणजे वेगाचं मोजमापच आहे. सायकल पुसट आणि मागचं झाड स्पष्ट असेल तर सायकल हलली, सगळंच पुसट असेल तर हात हलला. मुलांना विचारा, दोन्ही चुकांत फरक कसा ओळखाल?

*कडेला नारिंगी पट्टा, पहिला फोटो अर्धा जळालेला.* पहिला फोटो जळतो, कारण रोल बसवताना त्याचं टोक उजेडात उघडं असतं आणि घाईत पुरतं पुढे फिरवलेलं नसतं. नारिंगी पट्टा म्हणजे मागचं झाकण नीट बसलं नाही किंवा मध्येच उघडलं. पण नारिंगीच का? रंगीत रोलवर निळ्या, हिरव्या आणि लाल प्रकाशाला जागणारे थर एकावर एक असतात. भिंगाकडून बघितलं तर लाल थर सर्वांत खाली. झाकणातून शिरणारा उजेड पाठीमागून येतो, म्हणून त्याला लाल थर आधी भेटतो आणि छापलेल्या फोटोत लाल-नारिंगी डाग उमटतो. चोर कुठल्या दाराने आला, हे डागाच्या रंगावरून कळतं.

हाच कॅमेरा जंगलातही गेला

आपल्या शेजारच्या नागझिऱ्याच्या जंगलात झाडांना बांधलेले कॅमेरे मुलांनी ऐकलेले असतात. समोरून जनावर गेलं की आपोआप फोटो निघतो. आज ते डिजिटल आहेत, पण सुरुवातीला त्यांत रोलच होता. १९९० च्या दशकात कर्नाटकातल्या नागरहोळेत डॉ. उल्हास कारंत यांनी वाघ मोजण्यासाठी असे कॅमेरे लावले. अवरक्त किरणांचा एक अदृश्य धागा वाटेवर आडवा सोडायचा आणि तो वाघाच्या अंगाने तुटला की शेजारचा साधा आपोआप चालणारा ३५ मिलिमीटरचा कॅमेरा खटका मारायचा. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे, जसे आपल्या बोटांचे ठसे. शिवाय डाव्या कुशीचे पट्टे उजवीपेक्षा वेगळे, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे लावतात. तेव्हा रोल ३६ फोटोंचा असे. गाई-गुरांनी, हरणांनी तो संपवला तर मागून आलेल्या वाघाचा फोटो नाही!

सहलीत काढायला बनवलेलं हे सोपं यंत्र विज्ञानाच्या मोठ्या कामाला उपयोगी पडलं, ते त्याच्या सोपेपणामुळेच. माणूस शेजारी नसताना ते एकटं काम करू शकत होतं.

फोटोपेक्षा निगेटिव्ह जपा

अल्बममधला फोटो ही नक्कल आहे. अस्सल प्रत म्हणजे निगेटिव्हची पट्टी. रोलवर चांदीच्या क्षारांचे बारीक कण असतात. त्यांच्यावर प्रकाश पडला की न दिसणारा बदल होतो आणि रसायनात धुतल्यावर तो उघड होतो. रंगीत रोल १९७२ पासूनच्या सी ४१ पद्धतीने ३७.८ अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रावणात धुतात. त्यात चांदीच्या जागी रंग तयार होतात आणि चांदी धुऊन काढून टाकतात. म्हणून रंगीत फोटो काळाने उडतात, तर नीट धुतलेले कृष्णधवल फोटो जास्त टिकतात, कारण त्यांत चांदीच शिल्लक असते.

आपल्याकडे पावसाळ्यात हवा ओली, उन्हाळ्यात पत्र्याखाली भट्टी. दोन्ही निगेटिव्हला वाईट. म्हणून घरोघरी एवढं सांगा :

• पट्टी कडेला धरायची, मधे बोट लावायचं नाही.
• प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधण्यापेक्षा कागदी पाकिटात ठेवा. माळ्यावर नको, भिंतीला लागून नको.
• पट्टीला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर तिचं प्लास्टिक खराब होऊ लागलं आहे. ती बाकीच्यांपासून वेगळी करा आणि तिची नक्कल आधी काढा.
• चिकट पानाला फोटो घट्ट बसला असेल तर ओढू नका. पानासकट मोबाइलवर फोटो घ्या.

निगेटिव्हची नक्कल काढायला यंत्र लागत नाही. एका मोबाइलवर पूर्ण पांढरा पडदा लावा. त्याच्या दोन-तीन बोटं वर पट्टी धरा, म्हणजे पडद्याचे ठिपके येणार नाहीत. दुसऱ्या मोबाइलने जवळून फोटो घ्या आणि फोटो सुधारायच्या ॲपमध्ये रंग उलटे करा. रंगीत पट्टीच्या नारिंगी छटेमुळे चित्र निळसर येतं. ते कृष्णधवल केलं की माणसं ओळखू येतात. ज्या फोटोची छापील प्रत कधीच हरवली, तो वीस-पंचवीस वर्षांनी असा पुन्हा समोर येऊ शकतो. वर्गातला हा सर्वांत आनंदाचा क्षण असतो.

स्टुडिओच्या पाकिटावरचा शिक्काही वाचा. पत्त्यात ‘जि. भंडारा’ असेल, तर बहुधा फोटो १ मे १९९९ च्या आधीचा, कारण त्या दिवशी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. भूगोल आणि इतिहास एकाच पाकिटात!

वर्गात काय कराल?

*१. मूगभर छिद्र.* सहावीत सूचीछिद्र प्रतिमाग्राहक करून झालेला असतो. आता भिंग घ्या. १० सेंटिमीटर नाभीय अंतराचं साधं हातभिंग चालेल. खोली अंधारी करा, एक मीटरवर मेणबत्ती ठेवा आणि लांब उघडी खिडकी असू द्या. भिंगामागे पांढरा कागद साधारण साडेदहा सेंटिमीटरवर धरा. मेणबत्ती आणि खिडकी दोन्ही जराशा पुसट दिसतील. आता पुठ्ठ्याला पाच मिलिमीटरचं भोक पाडून तो भिंगाला चिकटवा. चित्र अंधुक होईल, पण दोन्ही वस्तू स्पष्ट होतील. काहीच न फिरवता कॅमेरा कसा चालतो, ते मुलांनी स्वतः बघितलं.

*२. बारा फोटोंचा दिवस.* पाच मुलांचा गट, एक मोबाइल, दिवसभरात फक्त १२ फोटो. खोडायचं नाही, दुसऱ्या दिवसापर्यंत बघायचं नाही. प्रत्येक फोटोआधी वहीत तीन ओळी लिहायच्या : सूर्य कुठे आहे, वस्तू किती पावलांवर आहे, हा फोटो कशासाठी. रोवणी, तलावाचा काठ, मोह वेचणारी माणसं, विषय मुलांनीच ठरवावा. मोजकेच फोटो आहेत म्हटल्यावर मुलं आधी बघतात आणि मग बटण दाबतात. एरवी उलटं होतं.

*३. चुकीचा अल्बम.* प्रत्येकाने घरातला एक फसलेला फोटो आणावा. मूळ फोटो घरीच ठेवून मोबाइलवरची नक्कल आणली तरी चालेल. खाली दोन गोष्टी लिहायच्या. चूक कशामुळे झाली? आणि फोटोत कोण आहे? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आजी-आजोबांना विचारल्याशिवाय मिळत नाही. नावं फोटोच्या पाठीवर बॉलपेनने लिहू नका, दाब पडून पुढे वळ उमटतो. वेगळ्या चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवा.

एक सावधगिरी, अगदी महत्त्वाची

फ्लॅश असलेला कॅमेरा मुलांना खोलू देऊ नका, आणि आपणही खोलू नका. दीड व्होल्टच्या दोन सेलवर चालतो म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. पण फ्लॅश चालू केल्यावर जी बारीक शिट्टी ऐकू येते, ती वीज चढवणाऱ्या मंडलाची असते. आतल्या धारित्रात सुमारे ३०० व्होल्टचा भार साठतो आणि सेल काढल्यावरही तो राहू शकतो. जोराचा झटका बसतो. वर्गात आतून दाखवायचा असेल तर फ्लॅश नसलेला जुना कॅमेरा निवडा. रिकामा असल्याची खात्री करून त्याचं फक्त मागचं झाकण उघडा, खटका दाबा आणि भोक क्षणभर लुकलुकताना मुलांना बघू द्या.

आता रोल आणि धुलाई दोन्ही महाग झाली आहेत, धुऊन देणारी दुकानंही शहरांतच उरली आहेत. म्हणून शाळेने रोल विकत घ्यावा असं मी म्हणणार नाही, त्याची गरजही नाही. काढलेले फोटो गावात आहेत, फक्त ते पेटीत आहेत. फोटो काढणं परवडत नव्हतं अशा काळात एखाद्या पणजीचा अख्ख्या आयुष्यात एकच फोटो निघाला असेल, आणि नेमकी तीच मान वळवताना हलली असेल. तो पुसट फोटो विज्ञानाच्या तासाला गतीचं उदाहरण आहे. त्या घराला मात्र पणजीचा तेवढाच चेहरा शिल्लक आहे. पुढच्या पालकसभेत एवढं जरूर सांगा : घर पाडायच्या आधी पेटी शाळेत दाखवा.